मरुभूमीचा नेचा आणि त्याचे दफ्तर

पानिपत शहरापासून काही मैलांच्या अंतरावर काला अंब नावाचे स्थान आहे. मराठी श्रोत्यांना त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी जी लढाई झाली, तिच्या रणभूमीवर हे स्थान आहे असे मानले जाते, आणि आज तेथे विटांचा एक स्तंभ व उद्यान आहे. एके काळी तेथे आंब्याचे एक झाड होते. रणांगणावर सांडलेल्या रक्तामुळे त्या झाडाचा रंग काळसर झाला, अशी आख्यायिका त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि तिच्यावरूनच स्थानाला हे नाव पडले. झाड पुढे वाळले. त्याच्या लाकडाचे दरवाजे करण्यात आले, आणि ते आता पानिपतच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला ही कथा ऐकताना एक अडचण जाणवल्याशिवाय राहत नाही. लाकूड राहिले, म्हणून ते आंब्याचेच आहे किंवा नाही एवढे सूक्ष्मदर्शकाखाली ठरविता येईल. परंतु पाने खरोखरच काळसर होती काय, फळाच्या सालीवर बुरशीचा थर होता काय, की तो केवळ एका गडद रंगाच्या आंब्याचा वाण होता, या प्रश्नांचे उत्तर दरवाज्याच्या फळीत मिळावयाचे नाही. त्यासाठी झाडाची एक मोहोरलेली डहाळी हवी. आणि ती कोणी, केव्हा, कोठे तोडली याची दोन ओळींची नोंद हवी. रणभूमीवरच्या झाडाची डहाळी दाबून ठेवावी असे त्या काळी कोणाच्या मनात आले नसेल तर त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. तथापि ज्या झाडाचे नाव महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक आहे त्याच्याविषयी आपल्यापाशी कथा आहे, आणि ज्या क्षुद्र वनस्पतीचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही तिच्याविषयी मात्र कपाटात कागद आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय अशीच एक क्षुद्र वनस्पती हा आहे.

काला अंबच्या सभोवती यमुनेच्या गाळाचे सपाट मैदान आहे. तेथून दक्षिणेस दिल्लीपर्यंत गेले म्हणजे जमिनीतून खडक वर आलेला दिसतो. ती अरवलीची उत्तरेकडील शेवटची शेपटी होय. ही पर्वतराजी नैर्ऋत्येकडे जात जात राजस्थान ओलांडते आणि अबूच्या पहाडावर तिची सर्वांत जास्त उंची, गुरुशिखर येथे १,७२२ मीटर, भरते. तिच्या पश्चिमेस थरचे वाळवंट पसरलेले आहे. अरवलीच्या कोरड्या खडकांत, अबूवर, आणि पुढे दख्खनच्या पठारावरील कातळांच्या भेगांत व जुन्या भिंतींच्या सांध्यांत जो एक वीतभर उंचीचा नेचा उगवतो, त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. मराठीत त्याला मयूरशिखा म्हणतात. हिंदीभाषी प्रदेशात तो मोरपंखी या नावाने ओळखला जातो.

हा नेचा पाहिलेला मनुष्य त्याला सहसा विसरत नाही. मात्र तो नेचा आहे हे त्याच्या लक्षात येईलच असे नाही. नेचा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर ओढ्याकाठची मोठी, पिसासारखी, गर्द हिरवी पाने येतात. मयूरशिखेचे पान तसे नसते. बारीक, ताठ देठाच्या टोकावर पंख्याच्या आकाराचे एक पाते असते आणि ते दोन-दोन शाखांत फाटत फाटत शेवटी अनेक अरुंद पट्ट्यांत विभागलेले असते. एखादे ताडाचे झाड कोणी बाहुलीच्या घरासाठी घडवावे तसा त्याचा थाट दिसतो. जमिनीलगत आखूड मूलक्षोड असते आणि त्यावर तपकिरी शल्कांचे आवरण असते. पानाच्या पट्टीच्या कडा खालच्या अंगास वळलेल्या असतात आणि त्या वळणाच्या आत बीजुककोशांची ओळ झाकलेली असते. ग्रीक भाषेतील किरण आणि नेचा या अर्थाच्या दोन शब्दांपासून प्रजातीचे नाव तयार झाले आहे, आणि ते अगदी यथार्थ आहे.

हा आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, भारत, श्रीलंका व ब्रह्मदेश एवढ्या विस्तृत पट्ट्यात आढळतो. या यादीतील बरेच देश उष्ण आणि रुक्ष आहेत. येथेच पहिला प्रश्न निर्माण होतो. नेच्याला बी नसते. त्याच्या बीजुकापासून प्रथम नखाएवढे किंवा त्याहूनही लहान, हिरवे, पातळ असे गंतुकधारी तयार होते आणि त्यावरील पुं-गंतुके पाण्याच्या थरातून पोहत स्त्री-गंतुकापर्यंत जातात. म्हणजे निदान एका अवस्थेत तरी पाण्याचा पातळ का होईना पण अखंड पापुद्रा आवश्यक आहे. ज्या वनस्पतीच्या लग्नाला पाणी हवे ती वाळवंटाच्या कडेला कशी नांदते?

याचे उत्तर अंशतः त्या वनस्पतीच्या शरीरात आहे आणि अंशतः ती ज्या जागेत राहते तिच्यात आहे. पावसाळा संपला की मयूरशिखेची पाने मिटतात, वळतात आणि करड्या-तपकिरी रंगाची होऊन मेल्यासारखी भिंतीला लोंबत राहतात. ती मेलेली नसतात. पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे तीच पाने पाणी शोषून पुन्हा उलगडतात व हिरवी होतात. बहुतेक वनस्पतींच्या पेशी इतक्या वाळल्या तर कायमच्या निकामी होतात. या थोड्या वनस्पतींच्या पेशींना वाळण्याची आणि पुन्हा भिजण्याची सवय असते. सह्याद्रीच्या कातळावर वाढणाऱ्या काही गवतांतही हा गुण आढळतो. मुंबईचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. बोले आणि ऑस्ट्रेलियातील प्रा. गॅफ यांनी अशा भारतीय गवतांचा अभ्यास करून तो १९८६ साली प्रसिद्ध केला होता. जागेचे म्हणाल तर खडकाची भेग ही सभोवतालच्या प्रदेशाहून निराळीच दुनिया असते. तिच्यात सावली असते, चिमूटभर माती असते, आणि वर पडलेले पाणी वाहत येऊन तिच्यात थोडा काळ थांबते. वाळवंटातील वर्षाचे सरासरी पर्जन्यमान भेगेला लागू पडत नाही.

मग उलट बाजूने दुसरा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. रुक्ष प्रदेशातील हा नेचा सह्याद्रीच्या परिसरात काय करीत आहे? महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अबूच्या माथ्यावरही, सभोवतालच्या प्रदेशाच्या मानाने, पाऊस पुष्कळ आहे. अशा ठिकाणी मरुभूमीच्या वनस्पतीची नोंद वाचून वाचक बुचकळ्यात पडतो. नोंद चुकीची असेल काय? की डोंगराविषयीची आपली समजूतच चुकीची आहे? हे ठरविण्याचे साधन म्हणजे वनस्पतिसंग्रह.

वनस्पतिसंग्रह हा शब्द भारदस्त असला तरी वस्तू साधी आहे. सोळाव्या शतकात इटलीमध्ये लूका गिनी नावाच्या अध्यापकाने झाडे दाबून वाळवून कागदावर चिकटविण्याची रीत आपल्या विद्यार्थ्यांना शिकविली असे सांगतात. त्या रीतीत आजतागायत फारसा फरक पडलेला नाही. वनस्पती मुळासकट किंवा तिची फुलाफळांची डहाळी घ्यावयाची. वर्तमानपत्राच्या वा टीपकागदाच्या घड्यांत पसरून दाबपट्ट्यांमध्ये आवळावयाची. कागद ओले झाले की बदलावयाचे, आणि पावसाळ्यात तर ते रोज, कधी दिवसातून दोनदाही, बदलावे लागतात. वाळलेला नमुना सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्याने किंवा सरसाने बसवावयाचा. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवावयाची. वनस्पतीचे नाव, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, जागेचे वर्णन, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक एवढा मजकूर तिच्यावर असतो.

सामान्य माणसाची नजर नमुन्यावर जाते. जाणत्याची आधी चिठ्ठीवर जाते. नाव चुकले तर पुढच्या पिढीतील अभ्यासक नमुना पाहून ते दुरुस्त करू शकतो. ठिकाण आणि तारीख चुकली किंवा लिहिलीच गेली नाही, तर त्रैलोक्यातील कोणताही पंडित ती नमुन्यातून काढू शकत नाही.

चिठ्ठीचे मोल कळण्यासाठी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. ज्या जानेवारी महिन्यात पानिपतची लढाई झाली, त्याच जानेवारीत, म्हणजे १७६१ मध्ये, कोपनहेगनहून डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले एक संशोधकांचे पथक अरबस्तानाकडे निघाले. त्यात पेटर फोर्सकोल हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. तो थोर लिनीअसचा शिष्य. इजिप्तमधून प्रवास करीत हे पथक १७६२ च्या अखेरीस यमनमध्ये पोहोचले. यमनचे डोंगर म्हणजे रुक्ष प्रदेशातून वर आलेली हिरवी बेटे. मयूरशिखेच्या प्रजातीचे नेचे तेथेही आहेत. फोर्सकोलने अपार मेहनतीने वनस्पती गोळा केल्या, चिठोऱ्यांवर टिपणे लिहिली, आणि ११ जुलै १७६३ रोजी यरीम या गावी तो हिवतापाने मरण पावला. पथकातील एक भाषापंडित त्याच्या आधीच गेला होता. चित्रकार आणि नोकर मुंबईकडे येणाऱ्या जहाजावर मरण पावले. वैद्य मुंबईत पोहोचून काही महिन्यांनी मरण पावला. कार्स्टेन नीबूर हा एकटा जिवंत राहिला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ राहिला, त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली, आणि स्वदेशी परतल्यावर १७७५ साली आपल्या मृत मित्राची टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. फोर्सकोलचे नमुने आजही कोपनहेगनला आहेत. परंतु टिपणे लिहिणाराच हयात नसल्यामुळे कोणता कागद कोणत्या टिपणाशी जोडावयाचा याचा उलगडा करण्यात त्यानंतरच्या विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. मनुष्य गेला तरी टिपणे होती, म्हणून एवढे तरी साधले.

आपल्याकडील उदाहरण याहून निराशाजनक आहे. जॉन एलर्टन स्टॉक्स हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेला डॉक्टर. त्याने सिंध व बलुचिस्तानच्या रखरखीत मुलखात आणि पश्चिम भारतातही भरपूर नमुने गोळा केले. १८५४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, तो मरण पावला. त्याचे आणि लॉ वगैरे इतरांचे नमुने पुढे इंग्लंडमधून जगभरच्या संग्रहांना वाटण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळांवर ‘मलबार, कोकण इत्यादी’ अशा अर्थाची एकच छापील चिठ्ठी चिकटविण्यात आली. त्या ‘इत्यादी’ने केलेले नुकसान अपरिमित आहे. मलबार ते कोकण ही शेकडो मैलांची किनारपट्टी. शिवाय ‘इत्यादी’मध्ये काय नाही? घाटमाथा आला, देश आला. नेच्याच्या ज्या कागदावर अशी चिठ्ठी आहे त्यावरून तो पावसाळी जंगलात वाढत होता की कोरड्या भिंतीवर, हे कोणालाही सांगता यावयाचे नाही. नमुना सुस्थितीत आहे, प्रत्येक शल्क मोजता येते, आणि तरीही साक्षीदार मुका आहे. छापखान्याचे काम वाचले हे खरे; पण कारकुनाने वाचविलेल्या शाईची किंमत शास्त्राला किती द्यावी लागते याचे याहून बोलके उदाहरण सहसा मिळणार नाही.

या पार्श्वभूमीवर पश्चिम भारतात विसाव्या शतकात झालेले काम पाहिले पाहिजे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात १९०६ साली एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मगुरूने वनस्पतिसंग्रह सुरू केला. आज तो ब्लॅटर यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्लॅटर यांची दोन कामे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. हॉलबर्ग यांच्या सहकार्याने त्यांनी जोधपूर व जैसलमेर या वाळवंटी संस्थानांतील वनस्पतींचा वृत्तांत १९१८ पासून मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि डिआल्मेडा यांच्या सहकार्याने १९२२ साली मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच मनुष्याची नजर एका हाताने वाळवंट आणि दुसऱ्या हाताने घाटातील नेचे चाचपत होती. ब्लॅटर १९३४ साली वारले. त्यांच्यानंतर हे कार्य पुढे नेणाऱ्यांत सांतापाव या स्पॅनिश धर्मगुरूंचे नाव अग्रभागी आहे. खंडाळ्याच्या वनस्पतींची त्यांनी केलेली पाहणी आजही प्रमाण मानली जाते.

दुसरे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे. १८८४ साली मालवण येथे जन्मलेले हे विद्वान पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी जर्मनीत होते, आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना तेथे काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये एंग्लर यांच्यासारख्या श्रेष्ठ गुरूच्या हाताखाली जो प्रबंध पूर्ण केला त्याचा विषय मोठा मनोवेधक आहे: वायव्य भारतातील रुक्षप्रिय आणि लवणप्रिय वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मुळात कोठून आल्या? १९२० साली तो जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पावसाळी कोकणात वाढलेल्या मनुष्याने, घरापासून हजारो मैल दूर, वाळवंटाच्या वनस्पतींचा मूळ पत्ता शोधत बसावे, यात थोडी गंमत आहे आणि पुष्कळ धैर्यही आहे. असे काम संग्रहातील कागदांशिवाय होऊच शकत नाही. कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर १९४६ साली त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली; तिला १९९२ पासून त्यांचे नाव आहे आणि तिच्या वनस्पतिसंग्रहालाही. त्याच १९४६ साली त्र्यंबक शंकर महाबळे यांनी खराडी यांच्यासमवेत अबूच्या पहाडावरील वनस्पतींच्या परिस्थितीसंबंधी निबंध प्रसिद्ध केला. महाबळे हे नेच्यांचे व जीवाश्मांचे मोठे जाणकार. पुढे पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाची घडी त्यांनी बसविली.

अबूचा उल्लेख वारंवार येण्याचे कारण आहे. हा पहाड आज अभयारण्य म्हणून राखलेला आहे. त्याच्या पायथ्याशी बाभूळ, थोर आणि खडकाळ रुक्षता. माथ्यावर झरे, आंब्या-जांभळांची दाट झाडी आणि नाना तऱ्हेचे नेचे. येथील नोंदी वाचताना अननुभवी मनुष्य ‘अबू’ एवढेच वाचतो आणि मयूरशिखेला ओलसर डोंगरावरील नेचा समजून बसतो. अनुभवी मनुष्य चिठ्ठीवरील पुढचे शब्द शोधतो: उघड्या खडकाची भेग, दक्षिणेकडील उतार, दगडी कुंपणाचा सांधा. एकाच पहाडावर शंभर पावलांच्या अंतरात दोन हवामाने असू शकतात, आणि नेचा पहाड निवडत नाही, भेग निवडतो.

सह्याद्रीचा प्रश्नही असाच सुटतो. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड, पण तो चार महिन्यांपुरता. उरलेले आठ महिने काळा कातळ तापत असतो. माथा ओलांडून पूर्वेकडे थोडेच मैल गेले की वर्षाचे पर्जन्यमान एक हजार मिलिमीटरच्या खाली येते. तेथील उघडा बसाल्ट खडक, डोंगरी किल्ल्यांचे तट आणि गावोगावच्या विहिरींची बांधकामे यांत मरुभूमीचे लहान लहान तुकडे विखुरलेले आहेत. मयूरशिखा डोंगरावर परकी नाही; डोंगरच जागोजागी कोरडा आहे. तिची बीजुके धुळीहून बारीक असतात, वारा त्यांना कोठेही नेतो. अडचण पोहोचण्याची नसून रुजण्याची असते. किल्ल्याच्या तटाला चुन्याचा सांधा घालणाऱ्या गवंड्याने आपण एका नेच्यासाठी घर बांधीत आहोत असा विचार स्वप्नातही केला नसेल.

तथापि नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवणे हेही चुकीचे ठरेल. नकाशावर संग्रहातील नोंदींचे ठिपके मांडले म्हणजे दिसतो तो पुष्कळदा वनस्पतीचा प्रदेश नसून वनस्पतिशास्त्रज्ञांचा प्रवास असतो. लोहमार्गाजवळचा खंडाळा, थंड हवेचे महाबळेश्वर, मुक्कामाची सोय असलेली ठाणी येथे ठिपक्यांची दाटी होते. मराठवाड्यातील एखाद्या आडवळणाच्या टेकडीवर एकही ठिपका नसतो. तेथे नेचा नाही असे नव्हे, तेथे कोणी गेला नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ऋतूचेही तसेच. बहुतेक नमुने ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातले असतात, कारण हिरवी, उलगडलेली, सुंदर पाने तेव्हाच मिळतात. एप्रिलमध्ये भिंतीवर लोंबणारी तपकिरी गुंडाळी कोण गोळा करील? आणि खरे पाहता या नेच्याचे वैशिष्ट्य त्या गुंडाळीतच आहे.

नावांचा गोंधळ हा आणखी एक अडथळा. मयूरशिखा हे नाव जुन्या निघंटूंत येते. ‘भावप्रकाशा’तही ते आहे. पण निघंटूकार श्लोक लिहीत होते, नमुने चिकटवीत नव्हते. परिणामी निरनिराळ्या प्रांतांतील वैद्यांनी मयूरशिखा म्हणून निरनिराळ्या वनस्पती मानल्या: कोणी हा नेचा, कोणी हंसराजाच्या वर्गातील दुसरा नेचा, कोणी लाल तुऱ्याचा कोंबडा. मोरपंखी म्हणावे तर शहरातील बागवान बंगल्यासमोर लावावयाचे चपट्या फांद्यांचे शोभेचे झाड काढून देतो. त्याचा आणि नेच्याचा काडीचाही संबंध नाही. औषधाच्या बाबतीत असा गोंधळ केवळ पंडिती राहत नाही, तो रोग्याच्या पोटात जातो. शास्त्रीय नावही अचल असते असे नाही. वैद्यकावरील जुन्या इंग्रजी ग्रंथांत हाच नेचा अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस डायकॉटोमा या नावाखाली दिसतो. पिची-सेर्मोल्ली या इटालियन विद्वानाने १९६२ साली संपूर्ण प्रजातीची पुन्हा छाननी केली तेव्हा पूर्वी एक समजले जाणारे नेचे वस्तुतः अनेक आहेत असे आढळले. ही छाननी त्याने कशावरून केली? देशोदेशींच्या कपाटांतील कागदांवरून. म्हणूनच जुन्या नमुनापत्रावर एकाखाली एक अशा तीन-चार चिठ्ठ्या दिसतात. प्रत्येक परीक्षकाने आपला निर्णय, नाव व वर्ष लिहून चिकटविलेला असतो आणि आधीच्या परीक्षकाची चिठ्ठी कोणी फाडत नाही. मतभेद नोंदविण्याची ही पद्धत इतर क्षेत्रांतील विद्वानांनीही उचलण्यासारखी आहे.

आता या दफ्तराच्या प्रकृतीविषयी. वनस्पतिसंग्रहाचा मुख्य शत्रू म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा एक चिमुकला भुंगेरा; त्याच्या अळ्या वाळलेला नमुना पोखरून भुकटी करतात. त्याच्याविरुद्ध पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार मद्यार्कात विरघळवून नमुन्यांना चोपडीत असत. त्यामुळे नमुने वाचले, पण हाताळणाऱ्यांना जपून राहावे लागते. दुसरा शत्रू म्हणजे मुंबईची दमट हवा, आणि तिसरा, जो सर्वांत सावकाश पण सर्वांत निश्चितपणे काम करतो, तो म्हणजे दुर्लक्ष. हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात सुमारे वीस लाख नमुने आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ पासून काम करीत आहे. तेथे व्यवस्था आहे. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांच्या महाविद्यालयांत एखाद्या उत्साही प्राध्यापकाने आयुष्यभर जमविलेले संग्रह त्याच्या निवृत्तीनंतर कपाटासकट वऱ्हांड्यात येतात, आणि त्यांची किल्ली कोणाजवळ आहे हे दोन वर्षांनी शिपायालाही सांगता येत नाही. त्या गठ्ठ्यांत एखाद्या तालुक्याची एकमेव नोंद असू शकते. नमुन्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर सर्वांना खुली करण्याचे काम भारतात सुरू झाले आहे, आणि २०२२ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तसा एक संग्रह लोकांपुढे आणला, ही समाधानाची बाब आहे. मात्र छायाचित्रात पानाची मिटलेली कड उलगडून बीजुके पाहता येत नाहीत.

खुद्द वनस्पतीपुढेही धोके आहेत. ऐतिहासिक तटांची डागडुजी करताना सांध्यांतील सर्व झाडोरा खरवडून काढावा लागतो, आणि ते बरोबरही आहे. वडा-पिंपळाची मुळे तटाला फोडतात. पण वीतभर नेचा तट फोडीत नाही. पिंपळ आणि मयूरशिखा यांना एकाच खुरप्याने काढण्यापूर्वी त्या भिंतीवर काय होते याची नोंद व एखादा नमुना ठेवला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की संग्रहाच्या हौसेपायी एका भिंतीवरील सर्व रोपे उपटणारा मनुष्य आणि खुरपे चालविणारा मजूर यांच्यात नेच्याच्या दृष्टीने काहीही फरक नाही. जेथे चार-पाचच रोपे आहेत तेथे एक पान घ्यावे, मूलक्षोडाला हात लावू नये, आणि जागेचे वर्णन मात्र भरपूर लिहावे.

नमुनापत्राच्या एका कोपऱ्यात बहुधा कागदाची एक लहानशी घडी चिकटविलेली असते. नमुन्यापासून गळून पडलेले तुकडे, शल्के आणि बीजुकांची तपकिरी भुकटी तिच्यात जपून ठेवतात. पुष्कळ दिवस तिला केवळ केरकचऱ्याची पुडी समजले जात असे. १९८६ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी पेलिया या, कोरड्या खडकांतच वाढणाऱ्या दुसऱ्या एका नेच्याच्या कित्येक दशके जुन्या नमुनापत्रांवरील बीजुके घेऊन ती रुजत घातली, आणि त्यांतील काही रुजली. ज्यांनी ते नमुने गोळा केले त्यांनी तसा काही हेतू मनात धरला नव्हता. नमुने कसे वाळविले व कसे साठविले यावरही पुष्कळ अवलंबून असते. फार उष्णतेने किंवा विषारी द्रव्यांनी बीजुके मरतात. म्हणून आता काही संग्राहक चिठ्ठीवर ठिकाण व तारीख यांच्या जोडीला आणखी एक ओळ लिहितात: नमुना कोणत्या रीतीने वाळविला.